हिमाराच्या केसांना शिंगाचा रंग

आमच्या शेजारी एक पोरगी राहते. ती एसटी पकडायला पळते ना, तवा दोन्ही हात पाठीमागं ताणते, मुंडकं पुढं काढते आन् सुटते. ताडकळसच्या स्टँडवर, सगळ्यांसमोर! कंडक्टर दारातूनच ओरडतो, "ए बाई, हात पुढं घे, तोंडावर पडशील!" ती पायरी चढते, वळते, आन् गर्दीकडं बघून जड आवाजात म्हणते, "माझी खरी ताकद अजून जागी झाली न्हाई."

आन् तिच्या मागं मी. धरणीमाय, घे पोटात!

तिचं नाव हिमारा. म्हंजे आईबापानं ठेवलेलं नाव वेगळंय, पण ते लिहू नको म्हणली. बाकी सगळं लिही म्हणली, म्हणून तर लिहायलेय. हिमारा नाव तिनंच काढलंय, मोबाइलवर जपानी ॲनिमे बघून बघून. चुकून कार्टून म्हणलं की डोळे वटारते. "ॲनिमे म्हण, मानवा!" सगळ्यांना मानवाच म्हणते. शेळीला बी. तिचे वडील, आप्पा, साधे शेतकरी माणूस. त्यांच्या तोंडात हिमारा काही बसत न्हाई. ते हाक मारतात, "ओ हिंमतराव, भाकर खाऊन घ्या!" गंमत म्हंजे घरात खऱ्या नावाला ती ओ देत न्हाई, हिंमतरावाला देते.

गेल्या वर्षी आमी झरीहून हितं राहायला आलो तवा मी लय खूश होते. भिंतीला भिंत, वय सारखं, अकरावीचा वर्गबी एकच! पहिल्या दिवशी सरांनी हजेरीला तिचं नाव पुकारलं. ती उठली आन् नुसतीच खिडकीकडं बघायली. सर थांबले, वर्ग थांबला. मी हळूच विचारलं, "काय झालं गं?" तर म्हणते, "वारा येऊ दे." 'हजर' म्हणायच्या आधी ओढणी उडायला पाहिजे म्हणे! कोंदट वर्गात वारा कुठला? सरांनी गैरहजेरी टाकली. सगळी पोरं माझ्याकडं बघून हसायली, जसं काय मीच तिला घडवलं.

बाजारात तर बघायलाच नको. भाजीवालीनं दोडक्याचा भाव सांगितला, तर हिनं छातीवर हात ठेवला. "इतका अंधार तुझ्या मनात?"

"अंधार न्हाई गं माय, दोडके हाईत. घ्यायचे तर घे, न्हाई तर उजेड सोड."

मी तवर पार बांगड्यावाल्यापाशी पोचलेली असायचे. माझं तिचं नातंच न्हाई, असं तोंड करून.

आन् तो स्कार्फ! कपाळावर पार भुवयांपर्यंत ओढून गाठ मारलेला. मे महिन्यात बी. जेवताना बी. विचारलं की म्हणायची, "हितून शक्ती गळती, मानवा." मी म्हणायचे, शक्ती न्हाई, घाम गळायलाय.

तर आता ऐका. यंदाच्या पोळ्याच्या आदल्या दिवशीची गोष्ट. आप्पा अंगणात बैलांची शिंगं घासायले होते. त्यांची जोडी हाय, त्यातला एक चांद्या. अंगानं तांबडा आन् कपाळावर पांढरा शुभ्र चांद, म्हणून चांद्या. बाजूला शिंगाला लावायच्या ऑइलपेंटचे डबे. थोड्या वेळानं जांभळा डबाच गायब. आप्पा शोधायले, तेवढ्यात घरातून हिमाराची बोंब.

जांभळे केस! तिच्या हिरोईनला असतात म्हणे तसले. पुढचे सगळे केस तिनं बैलाच्या शिंगाच्या रंगानं रंगवले होते. तो रंग पाऊसपाण्यात बी शिंगाला सोडत न्हाई, डोक्याला काय सोडतो? केस वाळून डोक्यावर उभे, हुबेहूब एक शिंग. काकूंनी, म्हंजे तिच्या आईनं, रॉकेल लावलं, गोडं तेल लावलं. काहीच होईना. मला भिंतीवरून हाक आली, "तुझ्या आईची कात्री आण गं, एकटीच ये."

मी हसत हसतच गेले. खोटं कशाला बोलू, मोबाइल बी घेतला होता, फोटो काढायला.

हिमारा कोपऱ्यात बसलेली. स्कार्फ न्हाई. मी पयल्यांदाच तिला बिनस्कार्फची बघायले. पुढची बट उचलली, कात्री लावली, आन् हात थांबला. मुळाशी, जिथं रंग पोचला नव्हता, तिथं केस पांढरे. कपाळाच्या वरचा अख्खा पुंजका, कापसासारखा.

तिनं दोन्ही हातांनी डोकं झाकलं. "बघू नको."

"कवापासून?"

"जन्मल्यापासून." आवाज बारीक, घोगरा. हिमाराचा आवाजच न्हाई तो. "आई दर रविवारी काळी मेंदी लावायची. पेरणीपासून कामापायी राहूनच गेलं."

"मग हे जांभळं कशाला?"

ती फरशीकडं बघत बोलली. "रंगवलेले दिसले तर लोक म्हणतील, पोरगी येडी हाय. पांढरे दिसले तर म्हणतील, पोरीत खोट हाय. मला येडी परवडते."

मी मोबाइल उलटा करून खाली ठेवला.

"तुझ्या आईला बी सांगू नको माय," काकू म्हणल्या, "पुढं लगीन करून उजवायची हाय तिला." आन् चुलीकडं तोंड करून बसल्या. चूल पेटलेली नव्हती.

मी केस कापले. जे राहिले ते आखूड, पांढरे, उभे.

संध्याकाळी खांदमळणी. बैलांच्या खांद्याला हळद आन् तूप चोळायचं, वर्षभर जू वाहिलेलं असतंय ना. हिमारा स्कार्फ बांधून दाराआड उभी होती. आप्पांनी चांद्याला सजवायला घेतलं, उरलेला जांभळा रंग ब्रशावर घेतला आन् त्याच्या कपाळाकडं नेला.

"तिथं नका लावू!"

ती पळत बाहेर आली. हात पुढं. साधी पळत आली.

"आगं, मस्त गोल काढतो की."

"त्याला विचारलं का तुमी?" तिचा आवाज फाटला. "राहू द्या ना त्याचं त्याला."

आप्पा ब्रश धरून उभेच राहिले. तिच्या डोक्याकडं बघितलं न्हाई त्यांनी, पायाकडं बघितलं. मग ब्रश डब्यात ठेवला आन् तुपाची वाटी तिच्या हातात दिली. ती खांदा चोळायली, लय हळू. शेवटी बैलाला जेवायचं आमंत्रण द्यायचं असतंय. ती त्याच्या कानाशी वाकली आन् त्या बारीक, घोगऱ्या आवाजात म्हणली, "आज आवतन घ्या, उद्या जेवायला या." मानवा म्हणली न्हाई.

दुसऱ्या दिवशी वेशीत सगळ्या गावची जनावरं. हिमारा स्कार्फ बांधूनच आली, रोजच्यापेक्षा दोन बोटं खालीच. मी तिच्या शेजारी चालायले. पुढं न्हाई, मागं न्हाई. पोरं ओरडली, "काय हिमारा, ताकद जागी झाली का?" ती चांद्याचा कासरा धरून चालत राहिली.

तेवढ्यात एक पावणा चांद्यापाशी थांबला. "वा! काय चांद हाय कपाळाला! कुणाचा हो बैल?"

हिमारानं एका हातानं स्कार्फ अजून खाली ओढला. दुसऱ्या हातानं चांद्याच्या कपाळावरची धूळ पुसली.

"माझाय," म्हणली.