हान्सभाऊंचा प्रयोग

'प्रयोग' या शब्दाचे मराठीत दोन अर्थ आहेत आणि हान्सभाऊंना त्यातला फक्त प्रयोगशाळेतला ठाऊक होता. "शब्दकोशात बघा," म्हणायचे, "प्रयोग. मग कालच्यासारखा कसा करणार?" त्यामुळे अंबरनाथच्या आमच्या कॉलनीतल्या गणपतीच्या नाटकात शनिवारी मेलेला सासरा रविवारी जिवंत असायचा, आणि हे सासऱ्यालाही आयत्या वेळी कळायचं.

हा माणूस जर्मनीत ऑपेरा बसवायचा, म्हणजे तिकडचं संगीत नाटक. मोठ्या थिएटरचा मुख्य दिग्दर्शक, अख्खा वाद्यवृंद हाताखाली. सुमनवहिनी तिथे नर्स होत्या, लग्न झालं. पुढे वहिनींच्या वडिलांनी अंथरूण धरलं, त्या माहेरी परतल्या आणि भाऊ सगळं सोडून मागोमाग आले. इथे कारखान्यातल्या साहेबांना जर्मन शिकवायचे आणि वर्षातून एकदा आमचा छळ करायचे.

त्या वर्षी त्यांनी एकच ध्यास घेतला होता: वहिनींना पहिल्या रांगेत आणून बसवायचं. वहिनींनी नाटकाला येणंच सोडलं होतं. शेजारीपाजारी बोलणंही बंद. फॉरेनहून आल्यात, शिष्टच असणार, असं आम्ही ठरवून मोकळे झालो होतो.

नाटक संगीत, नायक मी. पदं घोटून घोटून घसा बसायची वेळ आली होती. नाटकाच्या दिवशी सकाळी भाऊ म्हणाले, "गाणी नको. संवाद पण नको."

मी थंडच पडलो. "अहो भाऊ, संगीत नाटक आहे हे."

"हो. तोंड बंद, बाकी सगळं चालू."

शेजारच्या सिंधी वसाहतीतला, कॅम्प एकचा माईकवाला लाऊडस्पीकर घेऊन आला होता, त्यालाही परत पाठवलं. "साईं, ये नाटक है या मातम?" असं विचारून तो बिचारा गेला.

संध्याकाळी मांडव खच्चून भरला. पडदा उघडला आणि आम्ही मुक्यानेच भांडायला लागलो. लोक सुन्न. मग मागून "आवाज, आवाज" सुरू झालं. सेक्रेटरींनी कपाळाला हात लावला. मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या गडबडीत सासऱ्याच्या पाया पडायला वाकलो तो त्याच्या धोतराचा सोगा माझ्या हातात आला.

पहिल्या रांगेत कोणीतरी खदखदून हसलं. सुमनवहिनी होत्या. मग सगळा मांडवच हसायला लागला.

तरी विंगेत येताच मी भाऊंवर तडकलो. "कशासाठी ही थट्टा आमची?"

"तिला ऐकू येत नाही," ते हळूच म्हणाले. "दोन्ही कान गेले. कोणाला सांगू नको म्हणाली. घरी मी पण रेकॉर्ड लावत नाही आता. एकट्याने काय ऐकायचं?"

बाहेर वहिनी अजून हसत होत्या, जरा जास्तच मोठ्याने. भाऊ डोळे मिटून ते ऐकत उभे होते.