एक वीत चार बोटं

कामठ्यात आमच्या शेजारी शालिकरामभाऊ राहतात. इथलं तालुक्याचं गोरेगाव किती लांब, असं त्यांना विचारलं की ते उलट विचारतात, "सडकेनं का हवेतून?" सडकेनं म्हटलं तर तोंड फिरवतात. हवेतून म्हटलं की खूश. "विमानाले दोन मिनिटं!"

गोरेगावात विमान उतरत नाही, हे त्यांना सांगून उपयोग नाही.

जन्मभर त्यांनी एसटीत कंडक्टरकी केली. "वळणं लय मोजली, आता सरळ मोजून राहिलो," म्हणतात. त्यासाठी घरात पृथ्वीचा गोल आहे आणि लाल दोरा. दोन गावांवर दोरा ताणायचा, वितीनं मापायचा, त्याचे किलोमीटर करून ताशी नऊशेनं भागायचे. स्वतः मात्र विमानात कधी पाय ठेवलेला नाही.

संध्याकाळी अंगणात खुर्ची टाकून ते उत्तरेकडे बघत बसतात. त्यांची मुलगी वंदना कॅनडात, टोरँटोला असते. मी एकदा म्हणालो, "भाऊ, ते पश्चिमेले हाय. नकाशा पाहा." त्यांनी मला हाताला धरून गोलाजवळ नेलं. दोरा खरंच आपल्याकडून निघून थेट वर, उत्तर ध्रुवाच्या बाजूनं पलीकडे उतरत होता.

"एक वीत चार बोटं. चौदा तास. नकाशा चपटा हाय बापू, पृथ्वी नाही."

माणूस हुशार आहे. पण माझा त्यांच्यावर राग आहे. मी सायकलवर टमाटे विकत वर आलो, आता प्लॉट विकतो. तिरोड्याच्या एका गिऱ्हाइकाला विमानतळ किती जवळ आहे ते पटवत होतो. सौदा जमलाच होता. तेवढ्यात हे कुंपणापलीकडून ओरडले, "लय जवळ! विमान छपरावरून जाते!" गिऱ्हाईक वर बघत बघत जे गेलं ते गेलं. त्या दिवशी मी यांना नको नको ते बोललो. चार महिने अबोला.

परवा तेच कुंपणाशी आले. हातात फोन.

"तुह्या जिभेचं काम हाय."

"काऊन? आता कोणाचा सौदा मोडाचा हाय?"

"वंदना दोन वर्षांनी येतो म्हणते. कमी करून दे."

मी फोन कानाला लावला. असा सौदा मी जन्मात केला नव्हता. तिनं नोकरी सांगितली, लेकरांची शाळा सांगितली. मी दिवाळी मागितली. "पुढच्या दिवाळीचं बघू, काका."

माझं डोकं फिरलं. "याच दिवाळीले! तुह्या बापानं खुर्ची तुह्याकडं तोंड करून ठेवली हाय, ठाऊक हाय का तुले?"

मग ती म्हणाली, "येतो काका. पंधरा दिवस येतो."

मी त्यांच्या अंगणात गेलो, फोन परत दिला. "दोन वर्षांचे आठ महिने केले!"

त्यांनी बोटांवर महिने मोजले. "आठ महिने," हळूच म्हणाले. "विमानाले तं चौदा तासच लागते."

प्लॉटचा राग मी अजून सोडलेला नाही. पण त्यांच्या पडवीतून दुसरी खुर्ची ओढून आणली आणि उत्तरेकडे तोंड करून बसलो.