बाळासाहेबांची पोटरी

"पोटरीच हवीय ना? मग अख्ख्या कुवेतमध्ये अशी मिळणार नाही!" असं म्हणत बाळासाहेबांनी लेंगा उजव्या गुडघ्यापर्यंत वर ओढला, तेव्हा त्यांची सून पद्मजा हसली आणि हो म्हणाली. वाईला वायरमन म्हणून एकतीस वर्षं विजेच्या खांबांवर चढ-उतार केलेला माणूस तो! लेकाकडे कुवेतच्या अर्दिया भागात तीन महिने राहायला आला होता आणि इथे चढायला काहीच नव्हतं.

पद्मजा इस्पितळात एमआरआयचं यंत्र चालवायची. डॉक्टर फैसलच्या संशोधनात ती सामील झाली होती आणि आयुष्यात पहिल्यांदाच तिचं नाव कुठेतरी छापून येणार होतं. त्यासाठी साठीपुढची निरोगी माणसं हवी होती. "स्नायूतलं पाणी धाग्याच्या दिशेने सहज सरकतं, आडवं जाताना अडतं," तिने जेवताना समजावलं. "यंत्र ते सरकणं मोजतं. त्यावरून धाग्यांची वीण कळते." बाळासाहेबांनी त्यातला 'निरोगी' एवढाच शब्द उचलला.

"यंत्र एकाच शुक्रवारी मिळालंय. तेव्हा बाबा, दोन दिवस पायांना पूर्ण आराम!"

आराम म्हटल्यावर बाळासाहेबांनी डावा पाय खुर्चीखाली ओढून घेतला. वर्षभरात त्यांचा डावा पाय बारीक झाला होता, जिना उतरताना थरथरायचा. त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. पोरीला कळलं की काय? आणि यंत्रात ते चिपाड दिसलं तर? साहेब म्हणेल, हाच का तुझा निरोगी माणूस! माझ्यामुळे सुनेची मान खाली? छे!

शुक्रवारी घर जागं व्हायच्या आत ते जिन्यात पोहोचले. आठ मजले, चार वेळा! वर शंभर बैठका. डाव्या पायाला वीस जास्त!

बिल्डिंगचा राखणदार, इथल्या भाषेत हारिस, झाडू थांबवून बघत राहिला. "बाबा, लिफ्ट चालू है!"

"मालूम है!" बाळासाहेब धापा टाकत ओरडले.

यंत्रात शिरताना पद्मजाने त्यांच्या हातात रबरी फुगा दिला. "चाळीस मिनिटं हलायचं नाही हं. काही वाटलं तर हा दाबा."

यंत्राचा ठणाणा सुरू झाला. पंधराव्या मिनिटाला डाव्या पोटरीत गोळा आला. बाळासाहेबांनी दात आवळले. फुगा दाबायचा? खांबावर शॉक बसला तेव्हासुद्धा हूं की चूं केलं नव्हतं! मग उजव्या पोटरीतही आला, आणि दोन्ही पायांनी त्यांना न विचारता लाथ झाडली.

यंत्र थांबलं. बाहेरून फैसलचा आवाज आला, "सिस्टर, धागा सब टूटा है! और पानी इतना क्यों भागता है? ये आदमी दौड़ के आया क्या?"

खाली उतरायला गेले तर पायांनी साफ नकार दिला. व्हीलचेअर आणावी लागली. फैसलने कागदावरचा 'निरोगी' शेरा वाचला, व्हीलचेअरकडे पाहिलं आणि कागद पुन्हा वाचला.

"बाबा, काय केलंत?" पद्मजाने व्हीलचेअर अडवत विचारलं.

"थोडं चढलो सकाळी. आठ."

"आठ पायऱ्या?"

"मजले. चार वेळा." मग त्यांना राहवेना. "डावा पाय वाळलाय गं माझा. चारचौघांत तुझी शोभा होईल असं वाटलं."

पद्मजा खाली बसली आणि त्यांची पोटरी चोळू लागली. "अहो, तो पाय मला तुम्ही आलात त्या दिवशी विमानतळावरच, तुमच्या चालण्यावरून कळला! म्हणून तर हो म्हटलं. वय झालं की धागे कसे बदलतात, तेच शोधतोय आम्ही. मला तुमचा म्हातारा पायच हवा होता!"

आपल्या बळासाठी नव्हे, म्हातारपणासाठी आपली निवड झाली, हे ऐकून रागवावं की काय, ते बाळासाहेबांना सुचेना. मग त्यांनी उजवा पाय मागे घेतला आणि डावा तिच्यापुढे केला. पद्मजाने सगळं सांगितल्यावर फैसल खो खो हसला. "एक शुक्रवार और मांगता मैं!"

तो मिळाला. आठवडाभर पद्मजाने त्यांना पाण्याच्या पेल्यासाठीही उठू दिलं नाही, आणि या वेळी चित्र स्वच्छ आलं. निळे-हिरवे धागे, काही जाड, काही विरळ, पण सगळे जागच्या जागी! बाळासाहेब बराच वेळ पडद्यासमोर उभे राहिले.

"हा डावा?"

"डावा."

"अगदी छान म्हातारा झालाय की गं!"