अध्यक्षांचा प्रश्न

"आज प्रश्न विचारणार म्हणजे विचारणारच!" सावळीराम गांगुर्डे यांनी आरशाला ठणकावून सांगितलं.

आरशाने हरकत घेतली नाही. मागून लताबाई म्हणाल्या, "आधी शर्टाची बटणं बघा. एक काज सोडून लावलीत."

सावळीराम एकलहऱ्याच्या वीज केंद्रातून स्टोअरचे क्लार्क म्हणून निवृत्त झाले होते. वय अडुसष्ट. एवढ्या आयुष्यात त्यांनी चारचौघांत कुणाला प्रश्न विचारला नव्हता. एकदा सिन्नरच्या स्टँडवर 'ही बस नाशिकला जाते का' हे विचारायचा संकोच वाटला, म्हणून ते मुकाट्याने आत जाऊन बसले आणि संगमनेरला उतरले!

पण निवृत्तीनंतर त्यांनी वाचनालयातली विज्ञानाची दोन कपाटं वाचून काढली आणि एका प्रश्नाने त्यांची मानगूट धरली. विश्व फुगतंय, असं प्रत्येक पुस्तक म्हणतं. ठीक आहे, फुगू दे. पण ते फुगतंय कशात? फुग्याला निदान खोली तरी असते! चार वर्षं हा प्रश्न त्यांच्या घशात माशाच्या काट्यासारखा अडकला होता. तो बावळटच असणार, याचीही त्यांना खात्री होती. पण आज वाचनालयात मुंबईहून खगोलशास्त्रज्ञ डॉ. संजना पगारे व्याख्यानाला येणार होत्या. अशी संधी पुन्हा कधी यायची?

सावळीराम अर्धा तास आधी जाऊन पहिल्या रांगेत बसले. पाच वाजले, सव्वापाच झाले, हॉल भरला. डॉ. संजनाही आल्या. कार्यक्रम मात्र सुरू होईना, कारण अध्यक्षांचा पत्ता नव्हता. ते सिन्नरजवळ गाडी पंक्चर होऊन अडकले होते.

"मला सातची गाडी आहे. मी बोलायला सुरुवात करू का?" डॉ. संजनांनी विचारलं.

वाचनालयाचे कार्यवाह नवनाथ जाधव असे दचकले, की जणू कुणी नवरदेवाशिवाय लग्न उरकायला सांगितलं. "अध्यक्षांशिवाय? छे छे, मॅडम! मग तुमचा सत्कार कुणाच्या हस्ते करायचा?" त्यांनी सभेकडे वळून हाक दिली, "आपल्यापैकी कुणी ज्येष्ठ व्यक्ती अध्यक्षस्थान स्वीकारेल का?"

सावळीरामांचं तिकडे लक्षच नव्हतं. ते प्रश्न विचारायची तालीम करत होते. हात किती वर केला म्हणजे व्यासपीठावरून दिसेल? खांद्यापर्यंत? की कानाच्या वर? त्यांनी करून बघितला. कानाच्या वर!

"वा! गांगुर्डे काका स्वतःहून तयार आहेत!" नवनाथ ओरडले. "काकांनी अध्यक्षस्थान भूषवावं, अशी मी सूचना मांडतो."

"माझं अनुमोदन आहे," महिला मंडळाच्या चतुराबाई दुसऱ्या रांगेतून म्हणाल्या. टाळ्या झाल्या.

"अहो, मी नाही... मला फक्त..." सावळीराम म्हणाले. पण तेवढ्यात दोघांनी त्यांना दोन्ही दंडांना धरून व्यासपीठावर नेलं आणि सगळ्यांत मोठ्या खुर्चीत ठेवलं.

खुर्चीत बसल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की शेजारच्या खुर्चीत डॉ. संजना बसल्या आहेत. अवघ्या एका हाताच्या अंतरावर! नशीबच उघडलं! ते खाकरले. "मॅडम, ते विश्व..."

"अध्यक्षांच्या हस्ते प्रतिमापूजन!" नवनाथ माइकवर गरजले.

सावळीराम उठले, हार घातले, परत आले. "मॅडम, ते फुगतं ना, ते..."

"अध्यक्षांच्या हस्ते पाहुण्यांचा सत्कार!"

मग पाहुण्यांच्या हस्ते अध्यक्षांचा सत्कार झाला. सावळीरामांच्या अंगावर शाल आली, हातात नारळ आला. नारळ कुठे ठेवायचा हे विचारायचा संकोच वाटला, म्हणून त्यांनी तो पुढचा तासभर मांडीवर बाळासारखा धरून ठेवला.

व्याख्यान फार सुरेख झालं. 'विश्व प्रसरण पावतंय' हे वाक्यही आलं. सावळीराम खुर्चीच्या कडेवर सरकले. पण बाई तिथून थेट कृष्णविवरात शिरल्या!

"आता प्रश्नोत्तरं," नवनाथ म्हणाले. "चिठ्ठ्या अध्यक्षांकडे द्या. ते निवडून वाचतील."

 सावळीरामांनी झटकन निमंत्रणपत्रिकेच्या मागे आपला प्रश्न लिहिला आणि तो चिठ्ठ्यांत सरकवला. सगळ्यांत वर! मग मनात आलं, अध्यक्षाने स्वतःचाच प्रश्न आधी घ्यावा? लोक काय म्हणतील? त्यांनी तो सगळ्यांत खाली घातला.

वरच्या चिठ्ठीत 'पंखा वाढवा' असं होतं. दुसरीत, 'बारावीनंतर मुलीला कुठे घालावं?' तिसरीत, 'फाटकासमोरची पांढरी गाडी कोणाची आहे?' सावळीरामांनी प्रामाणिकपणे तिन्ही वाचून दाखवल्या. गाडीवरून दहा मिनिटं वाद झाला. शेवटी एकच चिठ्ठी उरली. सावळीरामांनी ती उलगडली, तोंड उघडलं...

"वेळेअभावी इथेच थांबू या!" नवनाथ म्हणाले. "आता अध्यक्षीय समारोप."

आता मात्र सावळीरामांच्या अंगात काहीतरी संचारलं. ते उठून थेट माइकपाशी गेले. पाल्हाळ नाही, प्रस्तावना नाही. डॉ. संजनांकडे वळून त्यांनी एका दमात विचारलं, "विश्व फुगतंय, तर ते कशात फुगतंय?"

 टाळ्यांचा कडकडाट झाला! चतुराबाईंनी तर डोळे मिटून मान डोलावली.

"एका वाक्यात समारोप!" नवनाथ गहिवरून म्हणाले. "अध्यक्षांनी आपल्या सर्वांना अंतर्मुख केलं. आता राष्ट्रगीत."

सावळीराम सावधान उभे राहिले. प्रश्न पुन्हा घशात. गीत संपेपर्यंत त्यांनी डोळ्यांनीच डॉ. संजनांना विनवलं. त्याही ताठ उभ्या होत्या. राष्ट्रगीत संपताच त्या पर्स उचलून पायऱ्या उतरल्या आणि फाटकाबाहेरच्या रिक्षात जाऊन बसल्या.

"काका, फोटो!" नवनाथ ओरडले.

"फोटो नंतर!" सावळीराम ओरडले. आयुष्यात पहिल्यांदाच! एका हातात नारळ, दुसऱ्या हाताने घसरणारी शाल सावरत ते धावले आणि रिक्षाची दांडी त्यांनी गच्च पकडली.

"सर!" डॉ. संजना म्हणाल्या. "काय सुंदर शेवट केलात! प्रश्न टाकायचा आणि उत्तर द्यायचं नाही. हे वाक्य मी माझ्या भाषणात वापरलं तर चालेल?"

"वापरा, पण मॅडम..." सावळीरामांनी श्वास घेतला. "मी अध्यक्षबिध्यक्ष नाही हो. मी स्टोअरचा क्लार्क. ते वाक्य नव्हतं, प्रश्न होता. मला खरंच माहीत नाही!"

 बाई हसल्या आणि आत सरकल्या. "बसा. स्टेशन येईपर्यंत सांगते."

सव्वासातला सावळीराम चालत घरी पोचले, तेव्हा लताबाई दारातच होत्या. "शाल? नारळ? अहो, प्रश्न विचारायला गेला होतात ना?"

"विचारला," सावळीराम म्हणाले. चेहऱ्यावर असं तेज, की जणू बोर्डात आले! "फुगायला बाहेर जागा लागतच नाही म्हणे. मधली अंतरंच वाढत जातात."

"बरं. आणि त्याच्या बाहेर काय आहे?"

"तेही विचारलं. बाहेर काही आहे की नाही, ते त्यांनाही माहीत नाही."

लताबाईंनी कपाळावर हात मारला. "चार वर्षं जीव खाल्लात, आणि शेवटी उत्तर काय, तर माहीत नाही?"

"अगं, पण फरक आहे ना!" सावळीराम ओशाळून म्हणाले. "आतापर्यंत मला वाटायचं, फक्त मलाच माहीत नाही!"