दत्तूभाईंची सकाळची गाडी

आमच्या जामसंड्यात माणसं एकमेकांना भेटली की 'कसा काय?' नाहीतर 'खंय चललात?' असं विचारतात. दत्तूभाई विचारतात, "सुटली काय?"

सुटली म्हणजे गाडी, आणि गाडी म्हणजे पोट. नवख्या माणसाला हे कळायला जरा वेळ लागतो. आमच्या शाळेत बदलून आलेल्या एका गुरुजींनी पहिल्याच दिवशी "हो, साडेसातची मिळाली" असं उत्तर दिलं होतं. त्यावर दत्तूभाई म्हणाले, "साडेसात? उशीर झालो. रात्री जड खाल्लात काय?"

दत्तूभाई तालुक्याच्या स्टँडवर वाहतूक नियंत्रक आहेत. "तळेरेमार्गे कणकवलीला जाणारी गाडी फलाट क्रमांक दोनवर लागली आहे" असं माईकवर अगदी शुद्ध मराठीत सांगणारा आवाज त्यांचा. माईक बंद केला की तोच आवाज खिडकीसमोरच्या प्रवाशाला मालवणीत विचारतो, "तोंड सुकला तुमचा. आज सुटूक नाय वाटता?"

पन्नाशी ओलांडलेला, सडसडीत, लग्न न केलेला माणूस. त्यांच्या आणि माझ्या घरामध्ये एक चिऱ्यांचा गडगा, कुंपणाची बुटकी भिंत. रोज पहाटे सव्वापाचला त्यांच्या न्हाणीघराची कडी वाजते आणि आमची ही चुलीवर चहा ठेवते. आमच्या घरात गजराचं घड्याळ नाही. लागलंच नाही कधी.

बाकीची माणसं पेपरात क्रिकेट वाचतात, हे पोटाचं आणि लिव्हरचं संशोधन वाचतात. कात्रणं जपून ठेवतात, मोबाइलवर आलेले लेख पुढे पाठवतात, आणि त्यात ऐकीव काही असलं तर "ह्या खोटा आसा, पुरावो नाय" असा शेराही मारतात. एकदा त्यांनी आमच्या हेडमास्तरांच्या पोटाकडे नुसतं बघून सांगितलं, "सर, तुमच्या लिव्हरार चरबी चढली आसा." हेडमास्तर भयंकर संतापले. पुढे सोनोग्राफीत खरोखरच लिव्हरवर चरबी निघाली, तेव्हा ते आणखी संतापले.

लग्न का झालं नाही, याचं कारणही पोटच. पंचवीस-सव्वीस वर्षांपूर्वी ते एका गावी मुलगी बघायला गेले होते. पोहे झाले, मोठ्यांचं बोलून झालं. मुलीचे मामा म्हणाले, "विचारा काय विचारायचं ते." दत्तूभाईंनी घसा साफ केला आणि विचारलं, "सकाळी पोट साफ होता काय?"

मुलगी उठली, त्यांच्या पुढ्यातली पोह्यांची बशी उचलून घेऊन आत गेली. बशीत अजून निम्मे पोहे होते. लग्न तिथेच मोडलं. त्यानंतर दत्तूभाई मुलगी बघायला म्हणून कुठे गेले नाहीत.

ती मुलगी म्हणजे आमच्या शाळेतल्या सुमनबाई. पुढे त्यांचं लग्न जामसंड्यातच झालं. यजमानांचं हार्डवेअरचं दुकान, मुलगा पुण्याला इंजिनिअरिंगला. आपल्या बघण्याची ही गोष्ट स्टाफरूममध्ये त्याच सांगायच्या, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत. दत्तूभाईंच्या तोंडून मात्र मी ती कधी ऐकली नव्हती.

आणि मग याच सुमनबाईंना पोटाचं दुखणं लागलं.

मोठ्या आतड्याला आतून जखमा होतात, रक्त पडतं, दिवसातून दहा-बारा वेळा धावावं लागतं, असा तो आजार. अल्सरेटिव्ह कोलायटिस. कविता शिकवता शिकवता बाई वर्गातून निघून जायच्या आणि मुलं फळ्याकडे बघत गप्प बसून राहायची. वर्षभरात त्या अर्ध्या झाल्या. मासे सुटले, तिखट सुटलं, प्रवास सुटला. गोव्यातल्या एका मोठ्या इस्पितळात उपचार चालू होते. गोळ्या झाल्या, स्टेरॉइड झालं. चार दिवस बरं वाटायचं, की पुन्हा तेच.

एक दिवस त्यांनी स्टाफरूमचं दार लोटून घेतलं आणि खालच्या आवाजात सांगितलं, "डॉक्टर एक नवीन उपचार म्हणतायत. अजून त्याचं संशोधन चालू आहे. निरोगी माणसाच्या शौचातले चांगले जंतू घेऊन आपल्या आतड्यात सोडायचे." एरवी कशावरही खो-खो हसणारी आमची स्टाफरूम. त्या दिवशी कोणी हसलं नाही.

अडचण दात्याची होती. यजमानांना मधुमेह, शिवाय लिव्हरवर चरबी. मुलाने नुकत्याच घशासाठी अँटिबायोटिकच्या गोळ्या घेतलेल्या. भाऊ वजनात नापास. इस्पितळातही त्या वेळी कोणी दाता नव्हता. "ओळखीतलं कोणी असेल तर बघा," असं डॉक्टर म्हणाले होते. पण हे मागायचं तरी कोणाकडे आणि कोणत्या तोंडाने?

संध्याकाळी गडग्यापाशी मी हे दत्तूभाईंना सहज सांगितलं. मला वाटलं, आता तासाभराचं व्याख्यान होणार. ते झाडांना पाणी घालत होते. हातातल्या पाइपमधलं पाणी एकाच अळूच्या रोपावर पडत राहिलं.

"दातो कसो व्हयो?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं: वजन बेताचं, कावीळ झालेली नको, दारू-तंबाखू नको, गेल्या काही महिन्यांत अँटिबायोटिक नको.

"माका घेवन चला," ते म्हणाले. "पण मास्तर, तिका सांगूचा नाय."

पुढच्याच रविवारी मी त्यांना माझ्या गाडीतून गोव्याला नेलं. डॉक्टर तरुण होते, मराठी बोलणारे. दात्याचं वय बघून आधी जरा घुटमळले. मग रक्त, शौच, लिव्हरचं स्कॅन, सगळ्या तपासण्या झाल्या. अहवाल हातात आले तेव्हा म्हणाले, "काका, तुमचं लिव्हर पंचविशीतल्या माणसासारखं आहे."

"फक्त लिव्हर?" दत्तूभाईंनी दुखावल्यासारखं विचारलं.

डॉक्टरांनी नीट समजावून सांगितलं. खात्री नाही, काहींना गुण येतो, काहींना नाही; एका वेळी भागत नाही, काही आठवड्यांच्या अंतराने पुन्हा द्यावं लागतं; बाईंची औषधंही चालूच राहतील. दत्तूभाई मान डोलवत होते. शेवटी म्हणाले, "म्हणजे चांगले प्रवासी चढवूचे. ते सीट धरून बसले तर वायट प्रवाशांका जागा रवाची नाय."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "काका, हे मी पुढच्या पेशंटला सांगू?"

संमतीपत्राचं पान न् पान वाचून दत्तूभाईंनी सही केली. वर त्यातली एक ऱ्हस्व-दीर्घाची चूकही काढून दिली. दात्याचं नाव गुप्त राहील, ही ओळ मात्र मला दोनदा मोठ्याने वाचायला लावली. बाईंना डॉक्टरांनी 'दाता मिळाला' एवढंच कळवलं.

नाव गुप्त ठेवणं त्यांना जमलं, अहवाल गुप्त ठेवणं जमलं नाही. आठवडाभर स्टँडवरच्या प्रत्येक कंडक्टरला तो कागद दाखवून झाला. "ह्यो रिपोर्ट कित्या काढलात?" असं कोणी विचारलं की, "कित्या म्हणजे? माणसान काढूक नको?"

उपचाराच्या आदल्या संध्याकाळी आम्ही इस्पितळाजवळच्या लॉजवर उतरलो. बाई आणि त्यांचे यजमान इस्पितळात. दहा वाजता वरच्या मजल्यावर दुर्बीण घालून बाईंच्या आतड्यात ते जंतू सोडायचे, त्याआधी दात्याचा नमुना ताजा ताजा प्रयोगशाळेत पोचायला हवा, असा सगळा बेत. "सव्वापाचाक सुटतली. नर्सबाईंका लवकर येवक सांगा," असं दत्तूभाईंनी बजावून ठेवलं होतं.

सव्वापाच वाजले. गाडी सुटली नाही.

सहा वाजले. कोमट पाणी झालं. सात वाजले. काळा चहा झाला. आठ वाजता आम्ही इस्पितळात जाऊन बसलो. नर्स दर पंधरा मिनिटांनी दारातून डोकावायची, दत्तूभाई मान खाली घालायचे. तीस वर्षं साऱ्या तालुक्याला जो प्रश्न विचारला, तोच आता एक मुलगी त्यांना नुसत्या नजरेने विचारत होती. नमुन्यासाठी दिलेला रिकामा डबा मांडीवर घेऊन ते घामाघूम झाले होते.

"मास्तर," ते एकदम म्हणाले, "तेवापण असाच झालेला."

"केव्हा?"

"तिका बघूक गेलंय तेवा. माका तिका इचारूचा होता, तुका वाचूची आवड आसा काय? रात्रभर पाठ केलेलंय. पण ती समोर येवन बसली आणि मी घाबारलंय. घाबारलंय की माझ्या तोंडात पोटाशिवाय दुसरा काय येवकच नाय." ते पुढे म्हणाले, "तिका वाटला, मी तिची थट्टा केलंय."

मी उठलो. "चला, बाहेर फिरून येऊ," मी म्हणालो.

फाटकाबाहेर बसथांबा होता. आम्ही पोचायला आणि आमच्याकडची सकाळची गाडी तिथे येऊन थांबायला एकच गाठ पडली. दत्तूभाईंनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं आणि त्यांचा चेहरा बदलला. तरातरा ते ड्रायव्हरच्या दाराशी गेले.

"मेल्या, चाळीस मिन्टा लेट?"

ड्रायव्हर उडालाच. "दत्तूभाई? तुमी हंय?"

"मी खंय ता रवांदे. गाडी खंय होती?"

"इन्सुलीच्या नाक्यार ट्रकांची रांग होती..."

"रांग होती? मगे तुझ्या शर्टार ही उसळ खंयची? रांगेत वाढल्यानी काय रे तुका?"

खिडकीतून प्रवासी बघायला लागले. दत्तूभाई वेळापत्रक, शिस्त, प्रवाशांचा विश्वास अशी एकेक पायरी चढत आवाज वाढवत होते. आणि अचानक थांबले. पोटावर हात ठेवला. माझ्याकडे वळून, डोळे विस्फारून म्हणाले, "मास्तर, सुटता!"

आणि डबा सावरत धावत सुटले. पन्नाशीतला माणूस इतका वेगाने धावताना मी पाहिलेला नाही. पंधरा मिनिटांनी नर्स बाहेर आली, ती हसतच. दहाच्या दुर्बिणीला काही अडचण आली नाही. त्या ड्रायव्हरने परत जाऊन काय सांगितलं कोण जाणे. पण दत्तूभाईंना वरून गुप्त तपासणीला पाठवतात अशी बातमी स्टँडभर पसरली आणि त्या महिन्यात गोव्याच्या गाड्या मिनिटाला मिनिट जुळवून धावल्या.

आम्ही असे बऱ्याच वेळा गेलो. पुढच्या खेपांना गाडी सव्वापाचलाच सुटली. दर वेळी दत्तूभाई मागच्या दाराने यायचे आणि मागच्याच दाराने जायचे. एकदा जिन्यात सुमनबाईंचे यजमान समोरून आले, तेव्हा त्यांनी भिंतीवरचा काविळीचा तक्ता पाच मिनिटं वाचला. परतीच्या वाटेवर मात्र प्रश्न ठरलेला, "तिचा रगात थांबला काय, इचारलात?"

हळूहळू थांबलं. दहा-बारा वेळांचं चारवर आलं, मग दोनवर. डॉक्टर अजूनही 'बरं झालं' म्हणत नव्हते, 'सध्या आटोक्यात आहे' एवढंच म्हणत होते. पण बाईंच्या गालांवर मांस दिसायला लागलं. एक दिवस त्यांनी पूर्ण तास एका जागी उभं राहून कविता शिकवली आणि तास संपल्यावर स्टाफरूममध्ये येऊन सांगितलं, "काल दोन वर्षांनी बांगड्याचं झणझणीत तिखलं खाल्लं. काही झालं नाही."

संध्याकाळी शाळेतून मी थेट दत्तूभाईंकडे गेलो. ते ओट्यापाशी पाटावर बसून जेवायला सुरुवात करत होते. भात, कुळथाची पिठी, भाजलेला पापड. मी बातमी सांगितली.

"किती तुकड्ये?" त्यांनी विचारलं.

"दोन म्हणाल्या."

त्यांनी बोटावर बोट ठेवून ते दोन तुकडे जणू मोजून बघितले. घास काही उचलला नाही. पिठीवर साय धरायला लागली.

"तिका सांगा, तिखट बेतान घाल. इतक्यात धाडस नको," ते म्हणाले. "तुमीच म्हणताहात असा सांगा."

मी हो म्हटलं आणि निघायला वळलो.

"मास्तर, जेवनच जावा."

दत्तूभाईंनी जेवायला थांबवल्याचं मला आठवत नव्हतं. घरी ही वाट बघत असेल, असं काहीतरी मी पुटपुटलो.

"वहिनींका गडग्यावरसून सांगतंय मी. बसा. आज एकट्याक जेवूक नको वाटता."

ते उठले आणि कपाटाच्या वरच्या फळीवरून दुसरं ताट काढलं. स्टीलचं, त्यांच्या ताटाच्याच जोडीचं. त्याच्या मधोमध दुकानाचं लेबल अजून तसंच चिकटलेलं होतं, कागद पंचवीसेक वर्षांपूर्वीचा वाटावा इतका पिवळा पडून गेलेला. दत्तूभाई नळाखाली उभे राहून नखाने ते खरवडत राहिले. डिंक जुना होता, लवकर निघेना. मी पाटावर बसून थांबलो.