आदर्श व्यक्ती : गोपनीय

प्रश्न तसा सोपा होता. सरकारी भरतीच्या वेबसाइटवर खातं उघडताना सुरक्षेसाठी एक गोपनीय उत्तर द्यायचं होतं : तुमची आदर्श व्यक्ती कोण? मुलीने लगेच ‘वडील’ असं लिहिलं, आणि मागे उभ्या असलेल्या वडिलांनी तितक्याच तत्परतेने ते खोडायला लावलं.

गल्लीत त्यांना लॉकरसाहेब म्हणत. बँकेच्या तळघरात लोकांचे लॉकर सांभाळण्यात उभा जन्म गेल्यामुळे निवृत्तीनंतर ते घरातल्या साखरेच्या डब्याकडेही संशयाने बघत.

“हे उत्तर शेंबडं पोरसुद्धा ओळखेल,” ते म्हणाले. म्हणताना त्यांचा ऊर भरून आला होता, पण सुरक्षा म्हणजे सुरक्षा. “असं नाव लिही, जे कुणाच्या स्वप्नातही येणार नाही.”

मुलीने जरा विचार केला. “मामा?”

“शाब्बास.”

मामा म्हणजे लॉकरसाहेबांचा मेहुणा. पलंगाखाली अळिंबी पिकवून पलंग कुजवलेला आणि गॅलरीत मधमाश्या पाळून शेजाऱ्यांना दवाखान्यात पाठवलेला गृहस्थ. मागच्या खेपेला दोन दिवसांसाठी म्हणून आला, तो भिंतीवरचं कॅलेंडर बदलल्यावर गेला. याला कुणी आदर्श मानेल, अशी शंका प्रत्यक्ष चोरालाही आली नसती. आणि चोराला दूर ठेवणं भागच होतं, कारण मुलीला हवामान खात्यातली ती नोकरी मनापासून हवी होती. लहानपणापासून ती ढग बघून कपडे आत घ्यायला सांगायची, आणि आईपेक्षा शेजारणीच तिचं जास्त ऐकायच्या.

लॉकरसाहेबांनी आयुष्यभर दुसऱ्यांची गुपितं पोटात ठेवली होती, पण स्वतःची हुशारी काही त्यांना पचेना. दाढी करून घेताना त्यांनी ती सलूनवाल्याला सांगितली, अर्थात कुणाला न सांगण्याच्या अटीवर. सलूनवाल्याने त्याच अटीवर शिंप्याला सांगितली. अशी पुढे पुढे जाताना तिच्यातली हुशारी गळून पडली आणि एवढंच उरलं, की लॉकरसाहेबांच्या मुलीने सरकारदरबारी मामाला आदर्श जाहीर केलंय. भाजीवालीने मेथी तोलता तोलता अभिनंदन केलं, तेव्हा लॉकरसाहेबांना दरदरून घाम फुटला. घरी येऊन त्यांनी गुपचूप खातं उघडलं आणि उत्तर पुन्हा ‘वडील’ केलं. अख्खी गल्ली मामा मामा करत असताना खरं उत्तर आता कोण ओळखणार? ही युक्ती मात्र त्यांनी मुलीलाही सांगितली नाही. ते शहाणे झाले होते.

हॉलतिकीट उतरवून घ्यायच्या शेवटच्या दिवशी मामा दारात हजर. हातात भली मोठी बॅग, डोळ्यांत पाणी.

“भावोजी, मला सगळं कळलं,” तो म्हणाला. “या घरात मला कुणी एवढं मानतं, हे मला ठाऊकच नव्हतं.”

लॉकरसाहेबांची बायको भावाकडे बघत डोळे टिपत होती. ते नाव नेमकं कशासाठी निवडलं, हे तिच्यासमोर सांगायची त्यांची छाती झाली नाही.

मुलगी संगणकासमोर बसली. हा सोहळा जवळून पाहायला मामाने खुर्ची ओढली. हॉलतिकीट देण्याआधी साइटने गोपनीय उत्तर विचारलं. मुलीने ‘मामा’ असं लिहिलं. उत्तर चुकीचे. पुन्हा सावकाश लिहिलं. उत्तर चुकीचे. आता एकच संधी, मग खाते बंद, असं साइटने लाल अक्षरांत बजावलं. मुलीच्या तोंडचं पाणी पळालं.

“सगळे बाहेर व्हा,” लॉकरसाहेब म्हणाले. “गोपनीय बाब आहे.”

“मीच उत्तर आहे,” मामा शांतपणे म्हणाला, “आणि मीच बाहेर जाऊ?”

लॉकरसाहेबांनी मुलीला उठवलं, पाठ मोठी करून बसले आणि एका बोटाने उत्तर लिहिलं. पडद्यावर अक्षरांऐवजी काळे ठिपके उमटले. ही ठिपक्यांची सोय करणाऱ्या अज्ञात कर्मचाऱ्याला त्यांनी मनोमन हात जोडले. हॉलतिकीट उघडलं.

“घाईत तुझं बोट घसरत होतं,” ते मुलीला म्हणाले. मुलीने त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. मामाने तर त्यांना मिठीच मारली. “स्वतःच्या हाताने माझं नाव लिहिलंत, भावोजी.”

प्रिंट काढून आणायला मामाच धावला. परत आला तो मात्र जड पावलांनी. त्याने कागद टेबलावर ठेवला. फोटोखाली, जन्मतारखेच्या शेजारी, सरकारने ठळक अक्षरांत छापलं होतं : गोपनीय उत्तर : वडील.

बायकोने कागद वाचला, मग नवऱ्याचा चेहरा वाचला. मुलगी ओठ दाबून खिडकीतून ढग बघू लागली.

“भावोजी, वाईट वाटून घेऊ नका,” मामा म्हणाला. “दुसऱ्या कुणाचं तरी उत्तर आपल्या तिकिटावर आलंय. म्हणजे माझं नाव कुण्या परक्याच्या तिकिटावर गेलं. हा गोपनीयतेचा सरळ सरळ भंग आहे.”

“तिकीट मिळालं ना, मग जाऊ दे,” लॉकरसाहेब क्षीण आवाजात म्हणाले.

“असं कसं? सुरक्षेचं एवढं बघणारे तुम्ही, तुमच्या घरात हे? दुकानातूनच तक्रार ठोकून आलो मी.” मामाने बॅग उचलली आणि आतल्या खोलीकडे वळला. “दुरुस्ती होईपर्यंत मी काही इथून हलत नाही.”

“कधीपर्यंत करतो म्हणाले ते?” बायकोने नवऱ्यावरची नजर न काढता विचारलं.

आतून कपाट उघडल्याचा आवाज आला.

“यथावकाश,” मामा म्हणाला.