अव्वल, मध्यम आणि चुरा

भोके पाडलेली सहाशे बारा कार्डे इनायतभाईंनी तीन ढिगांत लावली आणि समाधानाने हात पुसले.

जाहिदाने त्यांना एवढेच सांगितले होते, "अब्बा, दमट हवेनं कार्डं फुगलीत. यंत्रात अडकतील. भट्टीजवळ जरा ऊब द्या, तोवर मी कान्हे गावात खालाच्या घरी जाऊन येते."

इनायतभाईंनी ऊब दिली. पण तीस वर्षे चिक्की निवडलेला हात. समोर काही पसरलेले असले की तो स्वस्थ बसत नसे.

"हे अव्वल," परतलेल्या लेकीला ते दाखवू लागले. "चारपाचच भोकं. हे मध्यम. हा चुरा, पार चाळण झालेला. तो खाली घाल. मुंबईच्या साहेबाला आधी चांगला माल दिसावा."

जाहिदा पायरीवरच बसली. "अब्बा, भोकं म्हणजेच माल."

विझत चाललेल्या ताऱ्याच्या पोटात इलेक्ट्रॉन विलक्षण दाटीने राहतात. तिथे जाऊन पाहता येत नाही, म्हणून जाहिदा त्या दाट प्लाझ्माची नक्कल मुंबईच्या संगणकावर उभी करत होती. संगणकाला द्यायची प्रत्येक सूचना त्या कार्डांवरच्या भोकांत होती; कार्डांचा क्रम बिघडला की नक्कल संपली. उद्या सकाळी तिला चाळीस मिनिटे मिळाली होती. पुढची पाळी तीन महिन्यांनी. शिष्यवृत्ती त्याआधीच संपणार होती. गाडी पाचला, आणि आता दोन वाजले होते.

"मी येतो मुंबईला. साहेबाचे पाय धरतो." इनायतभाईंचा आवाज इतका बारीक झाला, की जाहिदाला रागावताच येईना.

"पाय नकोत. डोळे द्या. शेवटच्या तीन उभ्या रांगांत कार्डाचा नंबर आहे. भोक ज्या आकड्यावर, तो आकडा."

भट्टीवर काम करणारी गंगी पदराला हात पुसत आली. ती भुशी गावाच्या वरच्या वाडीतली. "मला लिवाया-वाचाया येत न्हाई ताई. पर भोकं मोजाया येत्यात की."

अर्ध्या तासात ती दोघांच्या पुढे गेली.

"भाऊ, कार्ड उलटं धरलंय तुमी."

"अगं, मी तीस वर्षं माल..."

"ह्यो माल न्हाई. ताईचा तारा हाय."

साडेचारला एकच कार्ड उरले. गंगीने ते उजेडात धरले. "ह्याला नंबरच न्हाई."

जाहिदाने पाहिले. त्यावर नंबर पाडायला ती स्वतःच विसरली होती.

"म्हणजे हे माझ्यावर येत नाही ना?" इनायतभाईंनी हळूच विचारले.

"नाही अब्बा. हे माझंच. पण आता घालू कुठं?"

"दोनशे तीसच्या म्होरं दोनशे बत्तीस हाय," गंगी म्हणाली. "मधलं घर रिकामं, आन ह्याला घर न्हाई. ऱ्हाऊ द्या की तितं."

जाहिदाला गाडी मिळाली.

बुधवारी पोस्टकार्ड आले, गंगीच्या नावाने. तिने ते आधी उजेडात धरले, मग फिरवून धरले.

"कोरंच धाडलंय ताईनं. एक भोक न्हाई."

इनायतभाईंनी चष्मा लावून वाचले, "'गंगीस. सगळी कार्डं जागच्या जागी होती. यंत्र चाळीस मिनिटं न अडखळता चाललं.'"

"आन तुमास्नी काय लिवलंय?"

त्यांनी कार्ड उलटून पाहिले. कडेला, बारीक अक्षरात एक ओळ होती: 'अब्बांना सांग, पुढच्या खेपेलाही ऊब त्यांनीच द्यायची.'

ती मात्र त्यांनी मोठ्याने वाचली नाही. मनातल्या मनात दोनदा वाचली.